काशिनाथ ठाकूरचा पॉइंट

रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. आस्थापना शाखेत सगळी नोकरी गेल्यामुळे त्या रकान्यात माणसं काय काय लिहितात ते मला तोंडपाठ आहे. घरगुती अडचण, गावची जत्रा, बायकोचं बाळंतपण, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. काशिनाथ ठाकूरनं माझ्या टेबलावर जो पहिला अर्ज ठेवला त्यात त्या रकान्यात दोनच शब्द होते: 'टेनिस खेळणे.' आणि मुदत, पाच आठवडे.

मी अर्ज दोनदा वाचला आणि मान वर केली. समोर एक बुटका, काळासावळा, तुकतुकीत माणूस उभा होता. आमच्याच रेकॉर्ड रूममध्ये दोन महिन्यांपूर्वी खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला. त्याचा उजवा हात डाव्याच्या जवळजवळ दीडपट जाड होता. दोन वेगळ्या माणसांचे हात एकाच धडाला लावल्यासारखे वाटायचे.

"ठाकूर, पाच आठवडे खेळणार तुम्ही?" मी विचारलं.

"हरलू तं लवकर येन, ताय," तो म्हणाला. "पन रजा पाचाचीच लाव. आधीच कमी मागितली तं हरायचीच तयारी केल्यासारखी व्हते."

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या दोनचार वर्षांतली गोष्ट. आमचं ऑफिस नुकतंच मुंबईतून बेलापूरला, सीबीडीत आलं होतं. चार इमारती उभ्या, दहाबारांचे सांगाडे, आणि बाकी नुसता माळ. खिडकी उघडली की फायलींवर लाल धूळ बसायची. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे परक्या माणसाला कुणी अरेतुरे करत नाही, त्यामुळे या माणसानं पहिल्याच भेटीत मला 'तू' म्हटलं ते थोडं टोचलं. पुढं कळलं, त्याच्या गावाकडे ताईला अहोजाहो करत नाहीत. अहोजाहो परक्यांना. तो साहेबांना 'तुमी' म्हणायचा.

काशिनाथ पनवेलजवळच्या नावड्याचा, आगरी घरातला. त्याचा मामा मुंबईतल्या एका जिमखान्यात माळी होता. दहाव्या वर्षी मामानं त्याला तिथं बॉल उचलायला नेलं, आणि पुढं तो तिथंच मार्कर झाला. मार्कर म्हणजे सभासदांना जोडीदार मिळाला नाही की त्यांच्याबरोबर खेळायचं, आणि कुणी खेळत नसेल तेव्हा कोर्टावर पाणी मारून रोलर ओढायचा. अकरा वर्षं त्यानं हे केलं. या अकरा वर्षांत त्याला सगळे सभासद हरवू लागले होते, कारण हरणं हे त्याचं कामच होतं. मग एका खुल्या स्पर्धेत त्यानं आपलं नाव घातलं. तिथं हरायची सक्ती नव्हती. तो उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना.

मोठ्या स्पर्धांची नावं आपण पेपरात वाचतो. त्यांच्या खूप खाली टेनिसचं आणखी एक जग असतं, ते मला काशिनाथमुळे कळलं. चार गावांत चार आठवडे स्पर्धा व्हायच्या. आज इंदूर, पुढच्या सोमवारी अहमदाबाद, मग आणखी कुठं. देशोदेशीची पोरं यायची, कुणी चढणारी, कुणी उतरणारी. चार आठवड्यांत जे पुढे राहतील त्यांचाच पाचव्या आठवड्यात शेवटचा मुकाबला. तिथं निदान एक सामना जिंकला, तर जगाच्या यादीत एक पॉइंट मिळायचा. ती यादी कॉम्प्युटरवर निघते, असं काशिनाथ सांगायचा. कॉम्प्युटर आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता, त्यानंही नाही. पण त्यात आपलं नाव यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"एक पॉइंट?" आमचे हेडक्लार्क सावंत म्हणायचे. "एका पॉइंटात काय येतं?"

"नाव येतं," काशिनाथ म्हणायचा.

सोमवारी सकाळी पात्रता फेरीत हरला, की तो परत येत नसे. आधी मला वाटायचं, रजा उरलीय म्हणून फिरत असेल. पण तो तिथंच राहायचा. जिंकलेल्या खेळाडूंना सरावाला कुणीतरी लागतं, ते काम करायचा, आणि ज्यानं आपल्याला हरवलं त्याच्याकडूनच त्याचा तो फटका शिकून घ्यायचा. एका झेकोस्लोव्हाकियाच्या खेळाडूकडून तो खाली राहणारा कापीव बॅकहँड शिकून आला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरीही चार दिवसांत काशिनाथ फटक्यासकट त्याच्या घरची सगळी हकिगत घेऊन आला.

रेल्वेचं रिझर्वेशन त्याला कधी मिळायचं नाही. स्पर्धेत घेतलं की नाही याची तार यायची आदल्या दोन दिवसांत. त्यामुळे तो कळंबोलीला जायचा. तिथं लोखंडाचा बाजार नुकताच वसत होता, आणि देशभर जाणारे ट्रक उभे असायचे. सगळे ड्रायव्हर त्याला ओळखायला लागले होते. करतारसिंग नावाचे एक वयस्क सरदारजी तर त्याच्या स्पर्धेचं गाव विचारून आपला माल त्या बाजूचा घ्यायचे.

एकदा इंदूरला तो असाच पत्र्यांच्या ट्रकमधून गेला. केबिनमध्ये जागा नव्हती म्हणून मागं मालावर बसला. पोचला तेव्हा सामन्याला अर्धा तास उरला होता, आणि पांढऱ्या शर्टावर पाठभर गंजाचे पट्टे होते. दुसरा शर्ट धुऊन ओलाच पिशवीत भरलेला. पंचांनी त्याला कोर्टावर येऊ दिलं नाही. कपडे पांढरेच पाहिजेत, नियम होता. काशिनाथनं तिथंच शर्ट काढला, उलटा करून घातला आणि विचारलं, आता? शिवण बाहेर आली होती, पण रंग पांढरा होता. नियमात शिवणीबद्दल काही नव्हतं. तो खेळला आणि दोन सेटमध्ये जिंकला. त्यानंतर प्रत्येक स्पर्धेत पहिला सामना तो शर्ट उलटा घालूनच खेळायचा. हे अंधश्रद्धेतलं आहे असं मी म्हटलं तर म्हणाला, "नाय गो ताय. समोरचा इचार करत बसतो, यानं असा का घातलाय. दोन गेम तेच्यान जातात."

इतर खेळाडू बाजू बदलताना केळी खायचे. हा तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायचा. बायको पार्वती पाच आठवड्यांची चटणी डब्यात भरून द्यायची. अहमदाबादला म्हणे प्रतिस्पर्ध्यानं पंचांकडे वासाची तक्रार केली. पंचांनी डबा बंद करायला सांगितलं. काशिनाथनं निमूटपणे डबा बंद केला, आणि तिसरा सेट संपल्यावर त्या हरलेल्या मुलाला तीच भाकरी खाऊ घातली. मुलानं आणखी मागितली.

जेवणाच्या सुट्टीत तो रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये बसून रॅकेटच्या तारा ओवायचा. एक टोचा, एक पक्कड आणि दातांत धरलेली तार. ओवून झाली की तारेवर नखानं टिचकी मारून कान लावायचा. बरोबर आवाज येईपर्यंत पुन्हा उसवायचा. त्याच्या फायलीही तशाच लावलेल्या असायच्या. कुठलाही जुना कागद मागा, पाच मिनिटांत हजर. साहेब त्याच्यावर चिडून असले तरी ही एक गोष्ट त्यांना मान्य करावीच लागायची.

आमचे मुजुमदारसाहेब स्वतः टेनिस खेळायचे. तरुणपणी कॉलेजचे विजेते होते. तिसऱ्या वर्षी काशिनाथचा पाच आठवड्यांचा अर्ज पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याला बोलावलं. मी फाईल घेऊन उभी होते. साहेब म्हणाले, तुझं वय चौतीस. तू अजून खेळाडू आहेस की नुसता प्रवासी, हे मला बघू दे. माझ्याशी खेळ. जिंकलास तर सही करतो.

ऑफिसच्या मागं डोंगराच्या अंगाला एक सपाट तुकडा होता. काशिनाथनं आल्या वर्षीच तिथं मुरूम आणि माती घालून, संध्याकाळी एकट्यानं रोलर ओढून कोर्ट तयार केलं होतं. रोलर म्हणजे बांधकामावरचं डांबराचं पिंप, आत काँक्रीट भरलेलं. त्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर सगळा स्टाफ तिथं जमला. साहेबांचे फटके देखणे होते, ते मलाही कळत होतं. काशिनाथचे फटके देखणे नव्हते. पण बॉल परत यायचा. कुठूनही, कसाही मारा, परत यायचा. अर्ध्या तासात साहेब सहा-शून्य हरले. सावंतांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. गेली रजा, असा त्याचा अर्थ.

साहेबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणाले, "एखादा गेम द्यायचास रे. एवढी माणसं बघत होती."

काशिनाथ खरोखर गोंधळला. "साहेब, अकरा वर्सं मी मोठ्या लोकांना गेम देत व्हतो. ते माझ्याशी खेलतच नव्हते, त्यांना ठावंच नव्हतं. तुमी मना खेलाला बोलावलंत. तुमच्याशी खोटं खेललू असतू तं तुमचा अपमान झाला असता."

साहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग माझ्या हातातून फाईल घेऊन तिथंच, सावंतांच्या पाठीवर ठेवून त्यांनी सही केली. पण एक वाक्य खाली लिहिलं: 'यापुढे या कारणासाठी रजा मंजूर होणार नाही.' ते त्यांनी रागानं लिहिलं नव्हतं. वरून विचारणा होत होती, आणि काशिनाथचं कोपर दुखत होतं हे त्यांनीही पाहिलं होतं. डॉक्टरांनी त्याला खेळणं थांबवायला सांगितलं होतं. तो कोपराला पार्वतीच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून खेळायचा.

म्हणजे हे शेवटचं वर्ष. त्याला ते माहीत होतं. जाताना माझ्या टेबलाशी आला आणि एवढंच म्हणाला, "पाचच लावलीस ना?"

पहिल्या गावी तो पहिल्याच फेरीत हरला. दुसऱ्या गावी दोन सामने जिंकला. तिसरीकडे पुन्हा एक. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ऑफिसच्या फोनवर त्याचा ट्रंककॉल आला. सावंतांनी घेतला. फोन ठेवून त्यांनी आम्हा सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. काशिनाथ पाचव्या आठवड्यात पोचला होता, यादीत अगदी शेवटच्या जागेवर. आणि तो शेवटचा आठवडा मुंबईत होता. त्याच जिमखान्यावर, जिथं त्यानं अकरा वर्षं रोलर ओढला होता.

आम्ही अकरा जणं गेलो. सगळ्यांच्या अर्ध्या दिवसाच्या रजा मीच लावल्या आणि कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी एकच कारण लिहिलं: 'टेनिस बघणे.' पार्वतीलाही घेऊन गेलो. तिनं नवऱ्याला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. हिरवं लुगडं, नाकात नथ, लग्नाला निघाल्यासारखी तयार होऊन ती माझ्या शेजारी बाकावर बसली. सभासदांसाठी समोर व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. आम्ही पलीकडच्या बाजूला, उन्हात.

समोरचा मुलगा परदेशी होता, जेमतेम वीस वर्षांचा, काशिनाथपेक्षा दीड फुटानं उंच. त्याची सर्व्हिस मला दिसतच नव्हती, नुसता आवाज यायचा. काशिनाथ पहिला सेट दोन-सहा हरला.

"हरतंय काय?" पार्वतीनं मला विचारलं.

मी हो म्हटलं.

"घाम आलाय का बघ त्याला," ती म्हणाली. "घाम आल्याबिगर यो मानूस कामाला लागत नाय."

दुसऱ्या सेटमध्ये त्याला घाम आला. तो त्या मुलाला जोरात मारूच देईना. बॉल कधी डोक्यावरून, कधी पायाशी, कधी नुसता जाळीपलीकडे टाकलेला. दुपारचे दोन वाजले होते. मुलगा धावत होता, काशिनाथ चालत होता. सहा-चार. एकेक सेट झाला.

तिसऱ्या सेटमध्ये मला एक गोष्ट दिसायला लागली. मुलगा व्हरांड्याकडच्या बाजूला असला की काशिनाथ प्रत्येक महत्त्वाचा बॉल त्याच्या डाव्या कोपऱ्यात टाकायचा. तिथं पडलेला बॉल वर येतच नव्हता. मुलगा वाकायचा, रॅकेट मातीला घासायची आणि बॉल जाळीत. बाजू बदलली की पुन्हा तो मुलगा बरोबरीला. पाच-पाच. मग काशिनाथनं आपली सर्व्हिस राखली, सहा-पाच, आणि बाजू बदलली. मुलगा पुन्हा व्हरांड्याकडे आला.

तो गेम दहा मिनिटं चालला. मुलाच्या दोन सर्व्हिस काशिनाथच्या रॅकेटला न लागताच गेल्या. काशिनाथनं कोपराची पट्टी दातांनी घट्ट केली. शेवटी शेवटी तीन वेळा बॉल त्या कोपऱ्यात गेला. तिसऱ्यांदा मुलाला तो कुठं येणार हे ठाऊक होतं, तो आधीच तिथं जाऊन उभा राहिला होता. तरीही बॉल त्याच्या रॅकेटखालून गेला.

सावंत बाकावर उभे राहिले होते. मी टाळ्या वाजवत होते की रडत होते ते मला आठवत नाही. पार्वती मात्र जागची हलली नाही. तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "झाला ना? मंग आता जेवंल तरी."

त्या कोपऱ्याचं मी नंतर काशिनाथला विचारलं. म्हणाला, तिथं जमिनीखालून जुन्या नळाचा पाइप जातो. थोडा पाझरतो. वरून माती कोरडी दिसते, पण खाली ओल असते. "अकरा वर्सं तिथं रोलर रुतायचा, ताय. सगल्या सभासदांना इचार, कुनाला ठाव नाय. रोलर ज्यानं वढला त्यालाच ठाव."

सामना संपल्यावर जिमखान्याचे सेक्रेटरी स्वतः खाली आले आणि त्याला व्हरांड्यात घेऊन गेले. सभासद उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यातल्या काहींकडून तो वर्षानुवर्षं हरला होता. सेक्रेटरींनी त्याला वेताची खुर्ची दिली. तो मार्कर असताना त्या खुर्च्यांवर बसायची त्याला मुभा नव्हती. काशिनाथनं खुर्चीकडे पाहिलं, मग मैदानापलीकडे पार्वतीला हात केला. ती सगळं कोर्ट वळसा घालून, सावकाश, चपला हातात घेऊन आली. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पायरीवर बसून बूट काढले.

यादी यायला दीड महिना लागला. कुठल्याशा कचेरीतून झेरॉक्स आली. फिकट, अर्धवट उमटलेली. त्याचं नाव शेवटून तिसऱ्या पानावर. स्पेलिंगमध्ये एक अक्षर गाळलं होतं. पण तोच होता. के. ठाकूर, भारत, पुढं एकाचा आकडा. सावंतांनी ते पान नोटीस बोर्डावर मधोमध लावलं. त्यासाठी तिथलं रजांच्या नियमांचं परिपत्रक त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलं. मुजुमदारसाहेब पानासमोर चष्मा लावून उभे राहिले. त्याच आठवड्यात माझ्याकडं त्यांची एक टिप्पणी आली: ठाकूर यांच्या रजेबाबतचा पूर्वीचा शेरा रद्द समजावा.

नावड्यात मिरवणूक काढली. करतारसिंगांनी ट्रक धुऊन, झेंडूच्या माळा लावून आणला. पुढं बेंजो, मागं सगळं गाव. काशिनाथला केबिनच्या टपावर बसवलं होतं. तो संकोचानं सारखा पाय आखडून घेत होता. गावातल्या निम्म्या लोकांना टेनिस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, काशानं काय केलं? मी म्हटलं, सगळ्या जगाच्या यादीत त्याचं नाव आलं. म्हाताऱ्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मंग आमचा गाव पन आला असंल त्यान." मी हो म्हटलं. यादीत गावाचं नाव नसतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

पुढं तीन वर्षांनी माझी बदली साताऱ्याला झाली. सामान आधीच गेलं होतं. मी पनवेलच्या एस.टी. स्टँडवर सकाळच्या गाडीची वाट बघत होते. शेजारच्या फलाटावर हुबळीची गाडी लागली होती आणि तिच्या दारात, रॅकेटची पिशवी आधी आत ढकलून, काशिनाथ चढत होता. केस कानांवर पांढरे झाले होते. मी हाक मारली तसा उतरून आला.

कुठं, म्हणून विचारलं. बेळगावला, पात्रता फेरी. सदतिसाव्या वर्षी पुन्हा त्या सोमवार सकाळच्या पहिल्या सामन्याला. मला राहवलं नाही. म्हटलं, काशिनाथ, तुझा पॉइंट तर झाला. आता कशाला?

तो हसला. मला वाटतं, इतकं मोकळं हसताना मी त्याला विजयाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"पॉइंट एक वर्साचाच असतो गो, ताय. वरीस झाला का नाव काढून टाकतात. परत जिंकायला लागतो." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आतापावेतो दोनदा परत आनलाय."

कंडक्टरनं घंटी दिली. तो पळत जाऊन चढला. गाडी वळली तेव्हा तो खिडकीशी बसला होता आणि शेजारच्या माणसाला हातवारे करून काहीतरी समजावत होता. तो माणूस अगदी मन लावून ऐकत होता.